फाटकापर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा आले. आज तिघं. सकाळी सव्वाआठला मी दुकानात यायला निघाले, तर फाटकाशी उभे. प्रत्येकाच्या हातात तपकिरी बॅग – जुन्या पद्धतीची, पितळी खटक्यांची. असल्या बॅगा आता कुठे मिळतात कोण जाणे.

"काकू, एकदाच. बॅग घेऊन फाटकापर्यंत यायचं, थांबायचं आणि वळायचं. आम्ही व्हिडिओ काढतो."

मला उशीर होतोय, म्हटलं. त्यातली मुलगी शेजारच्याला कोपरानं ढोसत म्हणाली, आवाजसुद्धा सेम आहे. सेम कसा असेल? आमच्या घरात काढला म्हणून काय झालं, सिनेमातली बाई वेगळी. तिनं माझा आवाज जन्मात ऐकलेला नाही.

तेवढ्यात हे बाहेर आले. अशी मंडळी आली की ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. निवृत्त झाल्यापासून तर वाटच बघत असतात. तिघांना आत नेलं. फ्रिजवरचं वेळापत्रक दाखवलं, स्विचांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या – 'पंखा', 'पंखा नव्हे', 'विचारल्याशिवाय नको'. आणि मग ते वाक्य म्हणून दाखवलं, मान थोडी तिरकी करून, सिनेमातला नवरा करतो तशी: "वेळेअभावी पुढील बैठकीत."

टाळ्या मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होत्या.

दुकानात आल्यावर पहिल्याच चष्म्याची काच उलट्या कडेनं घासली. फुकट गेली. बाईंनी दुसरी काच काढून दिली. दुकान त्यांचं. डोळे त्या तपासतात, मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. त्यांनीच शिकवलं, नऊ वर्षं झाली.

४ फेब्रुवारी

ही वही दुकानातच राहणार. मागच्या खोलीत, चष्म्यांच्या सुट्या काड्यांच्या खणात. घरी ठेवायची सोय नाही – आमच्या घरी प्रत्येक खणावर आत काय आहे त्याची चिठ्ठी असते.

५ फेब्रुवारी

एकदा नीट लिहूनच काढते. बावीस वर्षं तोंड मिटून बसले. कागदाला तरी सांगू.

हे रंगाच्या कारखान्यात तपासनीस होते. डब्यातला रंग नमुन्याच्या पट्टीशी जुळतो का ते बघायचं, नाही जुळला तर लाल शेरा मारायचा. कामात चोख. घरी आले तरी ती पट्टी खिशातच असायची, म्हणजे खरोखरची नव्हे, पण असायची. मारणं, ओरडणं, पिणं – काही म्हणजे काही नाही. माणूस सोन्यासारखा, असं सगळी वसाहत म्हणते, आणि ते खोटं नाही. आमच्या वसाहतीत बत्तीस घरं, सगळी एका साच्यातली, कुंपणाची झुडपं कमरेइतकी, दारांचा रंग ठरलेला. त्यातही आमचं चौदा नंबर म्हणजे नमुन्याचं घर. कुणाला काही दाखवायचं तर इकडेच घेऊन यायचे.

फक्त दर रविवारी दहा वाजता आमची बैठक असायची. जेवणाच्या टेबलावर. विषयपत्रिका छापलेली. हे अध्यक्ष, मी सदस्य. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, ती निमंत्रित. तिला खुर्चीत दोन उशा लागायच्या.

त्या रविवारी विषय क्रमांक एक – पायपुसणी. दोन – साबणाचे उरलेले तुकडे. असं करत करत सहा – माझं शिक्षण. चष्म्याच्या कामाचा वर्षाचा अभ्यासक्रम निघाला होता, मला करायचा होता. फॉर्म आणलेला होता, शेवटची तारीख मंगळवार. पायपुसण्यांवर चाळीस मिनिटं गेली. दारात दोन हवीत की एक, ओलं कुठलं, कोरडं कुठलं. मग ह्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्यासमोर लिहिलं – विषय सहा, वेळेअभावी पुढील बैठकीत.

थट्टा नव्हती. खरंच लिहिलं. खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मीही सही केली.

दुपारी हे झोपले, मुलगी झोपली. मी बॅग भरली. चार कपडे, दाखले, फॉर्म. पायरीवरून उतरले, फाटकापर्यंत गेले, फाटक उघडून बाहेर पाऊल टाकलं. झुडपांशी उभी राहिले. अकरा मिनिटं. मुलगी उठली आणि मी दिसले नाही तर, एवढं एकच डोक्यात. परत आले. कपडे होते त्या खणात ठेवले.

कुणाला कळलं नाही. असं मी समजत होते.

६ फेब्रुवारी

कालचं पुढे.

ह्यांचे धाकटे भाऊ तेव्हा आमच्या माडीवर राहायचे. भाऊजींना सिनेमा काढायचा होता आणि हाताला काम काडीचं नव्हतं. पण माणूस हसवायचा. पुढच्या वर्षी कशीबशी जमवाजमव झाली. म्हणाले, वहिनी, महिनाभर घर द्याल का? मी दिलं. मुलीला घेऊन आईकडे जाऊन राहिले. परत आले तेव्हा भाऊजींचा सिनेमा तयार होता. 'सर्व मजेत'.

पोस्टर ह्यांनीच आणून दाखवलं. आमचं घर, आमचं फाटक, आणि फाटकात बॅग घेऊन उभी असलेली एक बाई.

भाऊजींनी माडीवरून बघितलं असणार. दुसरं कोण होतं घरात?

पहिल्या खेळाला मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. आठवड्यात सिनेमा पडला. भाऊजी महिनाभर अंथरुणातून उठले नाहीत, आणि मला सुटल्यासारखं झालं. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग दहा-बारा वर्षांनी वसतिगृहांतली मुलं तो बघायला लागली. मग फोनवर तुकडे फिरायला लागले. आता पाठ आहे लोकांना. मी अजून बघितलेला नाही, पण गोष्ट मला सगळी माहीत आहे, फाटकाशी येणाऱ्यांनीच सांगितली. नवरा बायकोला दर महिन्याला प्रगतिपुस्तक देतो. बायको दर शनिवारी बॅग भरून फाटकापर्यंत जाते आणि गॅस चालू राहिला म्हणून परत येते. थिएटरात सगळे एका सुरात ओरडतात – गॅस! शेवटी वसाहतीचं वार्षिक जेवण. बायको सूप करते. एकेक माणूस टेबलावर डोकं टाकतो, आणि नवरा मरता मरता इतिवृत्त लिहीत राहतो – सूप सर्वानुमते मंजूर.

लोक हसून लोळतात म्हणे.

सिनेमात मुलगी नाही. तिच्या जागी कुत्रा आहे.

भाऊजींशी मी तेव्हापासून कामापुरतं बोलते.

९ फेब्रुवारी

बाजारात जायला पिशवी उचलली. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, फाटकापर्यंतच ना?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी आज दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मला स्टुलावर बसवलं. म्हटलं झालं, काढून टाकतायत.

त्या दुसरं दुकान काढतायत. चार तासांवर, बंदराच्या गावी. तिथे चष्म्याचं दुकान नाही, लोकांना इथवर यावं लागतं. आठवड्यातून एक दिवस बाई डोळे तपासायला येतील, बाकी सगळं मी बघायचं. वर एक खोली आहे, नळ आत आहे, खिडकी रस्त्यावर. "तुमच्याइतका सुबक हात मला मिळायचा नाही. पण सक्ती नाही. मार्चच्या मध्यापर्यंत सांगा."

विचारून सांगते, म्हटलं. कुणाला विचारून, ते त्यांनी विचारलं नाही.

नंतर एका चष्म्याचा स्क्रू हातातून पडला. अर्धा तास लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगत होते. सापडला.

१३ फेब्रुवारी

चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं. नीट सांगितलं, सगळं. गावाचं नाव, खोली, बाई काय म्हणाल्या.

ह्यांनी कप खाली ठेवला. डोळे कसे चमकले. म्हणाले, "बॅग भरलीस का?"

आणि हसले. आणि मीही हसले! जीभ हासडून टाकावीशी वाटते. हसायला काय झालं होतं मला?

१७ फेब्रुवारी

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात, हिशेबतपासनीस आहे, वडिलांचं रक्त. तिलाही तेच सांगितलं. ती पटकन म्हणाली, गॅस बंद केलास ना? मग लगेच, सॉरी आई, सवय. मग विचारलं, तुला खरंच जायचंय?

बघू, म्हटलं.

खरी गोम इथे आहे. बोलायचं कशात? जाते म्हटलं की डायलॉग होतो. नाही जात म्हटलं तरी डायलॉग. नुसती खिडकीत उभी राहिले तरी ह्यांना एक प्रसंग आठवतो. माझ्याच घरात माझे शब्द आधीच कुणीतरी बोलून ठेवलेत, आणि त्यावर लोक हसून झालेत.

१९ फेब्रुवारी

आज फाटकाशी कुणी नव्हतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वसाहतीचे सेक्रेटरी येऊन गेले. हा तोच माणूस, ज्यानं सिनेमा आला तेव्हा सही-मोहीम काढली होती, वसाहतीची बदनामी म्हणून. आता म्हणतात, फाटकावर फलक लावू. 'सर्व मजेत – मूळ घर'. अक्षरांचा रंग कोणता, ह्यावर हे आणि ते तासभर बोलले. ह्यांनी कपाटातून खरोखरची पट्टी काढली.

सात तारखेला शनिवारी दुपारी मोठ्या थिएटरात खास खेळ आहे. भाऊजी येणार. कुटुंबीयांना पहिली रांग. सेक्रेटरी मला म्हणाले, वहिनी, तुम्ही नाही म्हणायचं नाही, लोक तुम्हाला बघायला येणारेत.

हे म्हणाले, येईल ती. जाणार कुठे?

त्यावर दोघंही हसले. तेही वाक्य सिनेमातलं आहे.

२७ फेब्रुवारी

एक आजोबा आले होते. बाईंनी नंबर काढून दिला, मी खात्रीसाठी तपासणीची फ्रेम डोळ्यांवर चढवली, समोरचा तक्ता दाखवला. मी काच हातात घेतली, अजून घातलीही नव्हती, तर म्हणाले, हो हो, आता एकदम स्वच्छ.

अहो, काच अजून माझ्या हातात आहे, म्हटलं. ओशाळले. म्हणाले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

मग निघताना वळून म्हणाले, तुम्ही त्याच ना? चौदा नंबरच्या?

४ मार्च

मुलगी खेळाला येणार नाही. कळवलंय, काम आहे. तिनंही हा सिनेमा कधी बघितलेला नाही. मला वाटायचं, कुत्र्याचं वाईट वाटलं असेल तिला.

९ मार्च, सोमवार

बघितला.

शनिवारी दुपारी तीनचा खेळ. थिएटर गच्च. पोरांच्या मांडीवर बॅगा. आम्ही पहिल्या रांगेत, मधोमध, मी ह्यांच्या आणि सेक्रेटरींच्या मध्ये. दिवे गेले आणि माझं घर एवढं मोठं होऊन समोर आलं. आमची कपबशी. आमचे पडदे, मी शिवलेले. त्यांतून ती नटी चालत होती. चांगली होती ती. मला वाटलं होतं वेडीवाकडी करत असेल, पण तिनं काहीच केलं नाही, नुसतं ऐकत राहिली, आणि लोक हसत राहिले. मलाही दोनदा हसू आलं. पायपुसण्यांच्या बैठकीला आलंच. असं बाहेरून बघितलं की हसूच येतं.

मग शनिवार आला. ती बॅग भरते, पायरी उतरते. थिएटरातल्या सगळ्या बॅगा वर झाल्या. गॅस! गॅस! मी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तेव्हा ती फाटकाबाहेर, झुडपांशी उभी होती, आणि रस्त्यानं एक टॅक्सी येते. थांबते. ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारतो. ती मागचं दार उघडते, बॅग आत ठेवते, आणि मग बॅग परत काढून घेते. दार लावते. हातानंच 'जा' म्हणते.

थिएटर कोसळलं हसून.

हे मी इथेही लिहिलेलं नव्हतं. ह्या वहीतसुद्धा नाही. टॅक्सी खरोखर थांबली होती. बॅग मी खरोखर आत ठेवली होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. चाळीस वेळा बघितलेला सिनेमा. प्रत्येक वाक्याच्या आधी ह्यांचे ओठ हलतात. आणि आख्खं थिएटर हसत असताना हे हसत नव्हते. दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसे दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. टॅक्सी गेली, पुढचा प्रसंग आला, आणि मग पुन्हा हसायला लागले.

मध्यंतरात भाऊजींना गाठलं. पाण्याच्या यंत्रापाशी, सह्या देत उभे होते. केस सगळे पांढरे झालेत. मी म्हटलं, भाऊजी, एक विचारायचंय, बाजूला या. ते इतके दचकले की ग्लास सांडला. एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा आपणहून बोलले असेन.

विचारलं, टॅक्सी तुम्हाला दिसली कशी? माडीवरून फाटक दिसतं, रस्ता झाडाआड जातो.

ते म्हणाले, "वहिनी, त्या रविवारी मी गावातच नव्हतो. दोन दिवस कामाला गेलो होतो, सहायक म्हणून. तुम्हीच डबा दिला होतात."

डबा दिला होता. हो.

"मग?"

"दादानं सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही त्याच्यावर रागावण्याऐवजी माझ्यावर रागावलात, आणि म्हटलं, असू दे."

भाऊजींनी हलक्या आवाजात बाकीचं सांगितलं. ह्यांनी सांगताना आधी हसत हसत सांगितलं. मग मध्येच थांबले. मग म्हणाले, तू ह्याचं काहीतरी कर. विनोदी कर, म्हणजे मला बघवेल.

घंटा झाली. आत जाऊन बसले. सूप आलं, सगळे मेले, टाळ्या झाल्या. आम्हाला मंचावर बोलावलं. फोटोत मी हसतेय, सेक्रेटरींनी आज फोनवर दाखवला.

१० मार्च

एकवीस वर्षं चुकीच्या माणसाशी अबोला धरला.

१२ मार्च

घरी काही बोलता येत नाही. हे फलकाच्या मागे आहेत. अक्षरं विटकरी ठरली.

बाईंना मार्चच्या मध्यापर्यंत सांगायचंय. त्या विचारत नाहीत, पण काल नव्या दुकानाच्या चाव्या माझ्यासमोर खिळ्याला अडकवल्या.

१६ मार्च, सोमवार

काल विचारलं.

सकाळी दहाची वेळ. हे कुंपण छाटत होते. आधी दोन टोकांना सुतळी ताणून बांधतात, मग तिच्या रेषेत कात्री चालवतात. एक पान वर येणार नाही. मी फाटकाच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"तुम्ही बघत होतात."

मला वाटलं होतं, विचारतील – कधी? कुठे? कात्री चालत राहिली.

"हो," म्हणाले. "खिडकीत होतो."

"हाक का नाही मारलीत?"

कात्री थांबली. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. मीच बसवलेल्या काचा. चष्म्याविना ह्यांचा चेहरा मी फार दिवसांत बघितला नव्हता. कुठेतरी ठेवून विसरल्यासारखा दिसत होता.

"मारली असती आणि तू थांबली नसतीस तर?"

समोरच्या घरातून कुणीतरी पाणी घालायला बाहेर आलं, आमच्याकडे बघून हात केला, दोघांनीही हात केला.

मग हे स्वतःच बोलायला लागले, कुंपणाकडे बघत. त्या रविवारनंतर बैठक घेतली नाही, तुझ्या लक्षात आलं का? नव्हतं आलं. म्हणजे बैठक बंद झाली हे कळलं होतं, पण मला वाटलं कंटाळले. सोमवारी कारखान्यात लाल शेरा मारायला हात उचलेना, म्हणाले. मंगळवारी फॉर्म टेबलावर ठेवायचा म्हणून शोधला, तर खणात नव्हता. रविवारीच परत आल्यावर मी तो फाडला होता. वेळापत्रक ह्यांनी फ्रिजवरून काढून टाकलं होतं, सिनेमा लोकांना आवडायला लागल्यावर परत लावलं. लोक हसतात तेव्हा मला वाटतं, तसं काही झालंच नव्हतं, कुणीतरी रचलं, म्हणाले.

मी म्हटलं, फाटकाचं मला कधी हसू आलं नाही.

"माहीत आहे."

"मग मला का नाही विचारलंत? एवढी वर्षं?"

ह्यांनी सुतळीला उगाच बोट लावलं. आणि मी तरी कुठे सांगितलं होतं?

शेवटी म्हटलं, मी एक तारखेला जातेय. बंदराच्या गावी. बाईंना उद्या हो म्हणणार.

मी वाट बघत होते. आता येईल वाक्य. बॅग भरलीस का. गॅस. जाणार कुठे. ह्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं, शपथ. गिळलं त्यांनी ते.

"परत?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही."

मान हलवली. चष्मा चढवला, कात्री उचलली. दुपारी बघितलं, तर तिथून पुढचं कुंपण सगळं तिरकं छाटलेलं होतं. सुतळी बांधलेली असून.

आज बाईंना हो म्हटलं. त्यांनी खिळ्यावरच्या चाव्या काढून माझ्या हातात दिल्या. किती हलक्या होत्या.

२३ मार्च

नवी बॅग घेतली. निळी, चाकांची. तपकिरी काही घेणार नव्हते.

हे सामान बांधायला लागले आहेत. मी सांगितलेलं नाही. खोक्यांवर चिठ्ठ्या – 'कप, चार', 'टॉवेल', 'हिला लागणारी उशी'. त्या तिसऱ्या चिठ्ठीपाशी मी बराच वेळ उभी राहिले.

बोलणं जवळजवळ नाहीच. पण घर शांत आहे. आधीची शांतता वेगळी होती. फाटकाशी आलेल्या दोघांना ह्यांनी काल सांगितलं, आज नको, घरात काम आहे.

२७ मार्च

भाऊजींचा फोन. मी म्हटलं, भाऊजी, माझं चुकलं. ते म्हणाले, वहिनी, माझं आख्खं आयुष्य तुमच्या अकरा मिनिटांवर चाललंय, माफी कसली मागता.

त्यांना मिनिटंही माहीत आहेत.

३१ मार्च, मंगळवार

इथला शेवटचा दिवस. मशीन पुसलं, काड्यांचा खण रिकामा केला. ही वही आता पर्समध्ये.

भीती वाटते. जायची नाही, वळायची. पायांना सवय झाली असेल तर? इतकी वर्षं लोकांनी फोनवर मला वळताना बघितलंय. वळले तर कुणाला आश्चर्यसुद्धा वाटणार नाही.

२ एप्रिल, गुरुवार

नव्या खोलीतून. खिडकीखाली मच्छीवाल्यांच्या हातगाड्या लावलेल्या आहेत, कालपासून वास आहे, चालेल.

काल सकाळी नऊला निघाले. खोकी आदल्या दिवशी टेम्पोनं गेली होती. हे दाराशी आले. मी म्हटलं, बॅग मी घेते. घे, म्हणाले. मग म्हणाले, तिकडे दमट असेल, स्क्रूंना तेल लावत जा. बरं, म्हटलं. आणि पायरी उतरले.

फाटकाशी चौघं उभे! नेमके काल. मला बॅग घेऊन येताना बघितलं आणि त्यांना हर्षवायूच झाला. फोन वर झाले. "काकू आल्या, काकू करून दाखवतायत!" मी फाटक उघडलं. त्यांनी वाट करून दिली, टाळ्या वाजवल्या. एक जण तोंडाशी हात धरून कुजबुजला – गॅस.

मी झुडपांपाशी आले. त्या तिरक्या छाटलेल्या टोकाशी. तिथे पाय जड झाले, खोटं कशाला लिहू. मग चाकं फरशीवरून रस्त्यावर उतरली आणि बॅग आपोआप पुढे आली.

"काकू, आता वळायचं," मागून आवाज आला.

चालत राहिले.

"काकू, इथे वळायचं असतं!"

कोपऱ्यावरून मात्र बघितलं, मान फिरवून, अंग नाही. चौघं फोन धरून तसेच उभे होते, माझी वाट बघत. एकानं फोन खाली घेतला होता. खिडकीत हे होते. हात वर केला नाही, हाक मारली नाही. मीही नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

७ एप्रिल

पहिलं गिऱ्हाईक – जाळी विणणाऱ्या बाई. जवळचं अजिबात दिसत नव्हतं. काच घातल्यावर स्वतःच्या हातांकडेच बघत बसल्या.

चौदा नंबरच्या फाटकावर फलक लागला नाही. सेक्रेटरींनी फोन करून तक्रार केली. ह्यांनी नको म्हणून सांगितलं म्हणे.

१२ एप्रिल, रविवार

मुलगी दोन दिवस येऊन गेली. पडदे लावून दिले. स्टँडवर बसची वाट बघताना तिनं विचारलं, तेव्हा परत का आली होतीस? मी म्हटलं, तू झोपली होतीस, उठून मला शोधलं असतंस.

ती म्हणाली, "मी झोपले नव्हते. बाबांनी मला कडेवर घेतलं होतं, खिडकीत. मी तुला हाक मारणार होते. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, जाऊ दे तिला."